कुलपातली हळद

आमच्या घरात हळदीचे दोन डबे होते. एक पत्र्याचा, काळपट, झाकणाला कडी आणि कडीला कुलूप. दुसरा पितळेचा, चिंचेनं घासून लख्ख केलेला आणि उघडा. काळ्या डब्यात घरात खायची हळद, पितळेच्या डब्यात गिऱ्हाइकाला विकायची. आता कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, बाबा रे, यातली चांगली हळद कुठली? ते पोर कुलपाकडं बोट दाखवील. मी तेव्हा पंचविशीतली, दहावी पास, गारगोटीच्या शाळेत वर्गात दुसरी आलेली. मी पितळेच्या डब्याकडं बोट दाखवलं.

आत्ती म्हणजे माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. कोल्हापुरात पेठेत आमचं घर होतं, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचं शेड. शेडमध्ये डंक, म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. उन्हाळा लागला की सकाळपासून धाड धाड सुरू. बायका वाळवलेल्या मिरच्या, खोबरं, लसूण, भाजलेला मसाला घेऊन यायच्या आणि नंबर येईपर्यंत तिथंच फतकल मारून बसायच्या. ठेवून जायची आणि नंतर यायची पद्धत नव्हती. आपली मिरची कुटून आपल्या डब्यात पडेपर्यंत बाई जागची हलत नसे. मधल्या मध्ये आत्तीनं मूठभर काढून घेतली तर? शेजारणीच्या मिरचीत आपली मिसळली तर? अशा डोळ्यांत तेल घालून बसलेल्या बायका, जाताना पावशेर हळद मात्र नुसत्या रंगावर घेऊन जायच्या. पितळेचं झाकण उघडलं की शेडमध्ये ऊन पडल्यासारखं व्हायचं.

आत्ती आधी काळ्या डब्यातली चिमूटभर दाखवायची. "ही बी हाय. वास बघा हिचा."

"ही नगं गं बाई. मातीगत दिसतीया. ती पिवळीधम्मक दे."

"बघा हं. मागनं म्हणायचं न्हाय." आणि ती पितळेच्या डब्यात माप बुडवायची.

मी हे रोज ऐकत होते. कानात बोळे नव्हते. तरी माझ्या पास झालेल्या डोक्यात त्याचा अर्थ असा निघायचा, की म्हातारी आतल्या गाठीची आहे, गाळसाळ खपवायला बघतेय, आणि खपत नाही ते आमच्या आमटीत घालतेय.

हळकुंडं सांगलीकडून यायची. दळून आली की आत्ती मधल्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि आत खाटखुट काहीतरी करायची. विचारलं तर म्हणायची, "पॉलिश करालोय. तू भाकरी बघ तुझी." मी दाराच्या फटीला नाक लावून बसायचे. माझी खात्री होती की ती हळदीत केशर घालते. केशर! पेठेतल्या डंकवालीच्या घरी! नळाच्या पाण्यावरनं भांडणाऱ्या, साबणाचे उरलेले तुकडे जोडून वडी करणाऱ्या बाईच्या घरी केशर! पण एकदा माणसानं आपण हुशार आहोत असं ठरवलं की त्याला कोण अडवणार?

आणि कुलपाचं? त्याचंही उत्तर माझ्याकडं तयार होतं. म्हातारी इतकी चिकट, की गाळसुद्धा आम्ही जास्त खाऊ नये म्हणून कुलूप लावते.

मग मी चोरी सुरू केली.

शुक्रवारी दुपारी आत्ती अंबाबाईला जायची. ती गल्लीचा कोपरा वळली की मी पितळेच्या डब्यातनं वाटीभर काढून घ्यायचे, पोह्याच्या डब्याखाली लपवायचे. पण आत्तीची एक सवय होती. डबा भरला की वरची हळद ती हातानं सारखी करायची आणि मधोमध आपला पंजा उमटवायची. बरकतीसाठी, असं सांगायची. मी ते ध्यानात ठेवलं होतं. वाटी भरून घेतली की मीही हळद सारखी करून वर पंजा उमटवायचे. माझा स्वतःचा पंजा. तो आत्तीच्या पंजापेक्षा बोटभर लहान, आणि तिच्या करंगळीचं टोक डंकात गेलेलं, माझी पाची बोटं धड. हे मला कधी सुचलंच नाही. चोरानं जाताना दारावर आपली सही करून जावं, तशी मी दर शुक्रवारी सही करत होते.

पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी आत्तीनं झाकण उघडलं. आत बघितलं. माझ्याकडं बघितलं. आणि हसली.

"उंदीर लागलाय वाटतं डब्याला."

"औषध घालायचं का?" मी विचारलं. बघा माझा साळसूदपणा.

"नगं. खाऊ दे की. पोटभर खाऊ दे." आणि पुन्हा हसली. त्या हसण्यावर मी मनात म्हटलं, फसली म्हातारी.

आत्तीला वाटत होतं मी हळद माहेरी धाडते. ते अगदीच खोटं नव्हतं. पहिली पुडी मी आईलाच पाठवली होती, सासरी आपलं कसं सोन्यासारखं चाललंय हे दाखवायला. आईनं निरोप धाडला, "रंग झ्याक हाय, पण हळदीचा वास कुठाय?" आणि तिनं ती उंबऱ्याला लावून संपवली. पुढं गारगोटीकडची एक बाई चटणीला आली आणि आत्तीला म्हणाली, "तुमच्या इहीणबाईंचा उंबरा काय पिवळा वो!" झालं. आत्तीच्या हिशेबात चोरीचा माल उंबऱ्याला लागत होता, माझ्या माहेरच्यांच्या पोटात जात होता, आणि दोन्हीला तिची हरकत नव्हती.

खरं तर तो माल जात होता माझ्या पोरीच्या दुधात.

एकुलती एक. तीन-साडेतीन वर्षांची. काटकुळी, पण तोंडानं कोल्हापुरी. रोज सकाळी मी तिला हळद घालून दूध द्यायचे, भरपूर हळद, कारण चोरीच्या गोष्टीत हात आखडता का घ्या? दूध पिऊन झालं की पेल्याच्या तळाला पिवळाजर्द गाळ राहायचा. चांगली हळद दुधात मिसळते, ही दगडासारखी खाली बसायची. पोर बोट घालून तो गाळ चाटायची. त्याला ती "सोनं" म्हणायची. "आये, आज सोनं कमी हाय," अशी तक्रार करायची, आणि मी आणखी अर्धा चमचा घालायचे.

दिवाळी होऊन गेली आणि पोर फिकी पडायला लागली. पोट दुखतंय म्हणून गडाबडा लोळायची. चार-चार दिवस परसाकडला होत नसे. चिडचिडी झाली. येत होते ते शब्द बोलेनाशी झाली, नुसतं बोट दाखवून "त्ये, त्ये" करायची. आणि भिंतीची माती खायला लागली. पोपडा दिसला की नखानं उकरून तोंडात. मी तिला त्यासाठी बडवायचे. आत्ती कोपऱ्यातनं म्हणायची, "आईवरच गेलीया. तीबी अशीच आलती, मुखदुर्बळ. नंतर उंदरागत खायाला शिकली."

गल्लीतल्या डॉक्टरनं जंतांचं औषध दिलं. शेजारणीनं दृष्ट काढली. कुणी म्हणालं कावीळ असेल, दोरा बांधा. मी दोराही बांधला, आणि शक्ती यावी म्हणून हळदीचं दूध सकाळ-संध्याकाळ दोन वेळा केलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, मला माझा अभिमान वाटायचा. सासूच्या नाकावर टिच्चून पोरीला चांगलंचुंगलं खाऊ घालणारी आई!

होळीच्या सुमाराला तिला झटका आला. दातखीळ बसली, डोळे फिरले. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला. हाडाच्या टोकाला पांढरी जाड रेघ दिसत होती. रक्त मुंबईला पाठवलं. काही दिवसांनी बोलावून म्हणाले, "हिच्या अंगात शिसं गेलंय. बरंच."

मी विचारलं, "पेन्सिलीतलं?"

"पेन्सिलीत शिसं नसतं," डॉक्टर म्हणाले. तरी मी घरी येऊन सगळ्या पेन्सिली चुलीत घातल्या.

डॉक्टरांनी विचारलेल्या गोष्टी साध्या होत्या. घरात जुन्या बॅटऱ्या फोडता का? रंगकाम चालतं का? घरातलं कोण कारखान्यात आहे? आमचे हे उचगावच्या बाजूला एका फौंड्रीत कामाला होते. तिथं कधीमधी शिसंही वितळवायचे. डॉक्टर म्हणाले, कपड्यांवरनं, केसांवरनं धूळ येत असेल. झालं, गुन्हेगार सापडला.

आत्तीनं पोटच्या पोराला वाळीत टाकलं. कामावरनं आले की त्यांनी शेडबाहेरच्या नळावर उघड्यावर अंघोळ करायची, गल्ली बघत असताना. कपड्यांची बादली वेगळी, ताट वेगळं. पोरीला हात लावायचा नाही. ती बापाला दादा म्हणायची. "दादा" म्हणून दोन्ही हात वर करून पळत यायची आणि हे हात पाठीमागं बांधून मागं मागं सरकायचे. तिला तो खेळ वाटायचा. ती हसत हसत पुढं यायची, हे भिंतीला टेकेपर्यंत मागं जायचे. मी चुलीपाशी बसून ते बघायचे आणि मनात म्हणायचे, लेकीला विष आणून घालणारा बाप.

पण आत्तीला कुठंतरी टोचत होतं. एक दिवस तिनं मला मोरीपाशी गाठलं. आवाज खाली आणून बोलत होती, हे तिचं कधी नसायचं.

"एक सांग. पोरीच्या दुधात कुठली हळद घालालीस?"

मला वाटलं, चोरी पकडली. पोर दवाखान्यातनं घरी येऊन आठवडा झालेला, आणि मला भीती कशाची, तर वाटीभर हळदीच्या चोरीची! मी डोळे मोठे केले आणि म्हणाले, "घरातलीच की."

"आण घे."

"जोतिबाची आण."

आत्तीनं एवढा मोठा श्वास सोडला की पदर हलला. म्हणाली, "बरं झालं बाई." ती कशातनं सुटली ते मला कळलं नाही. मी कशातनं सुटले तेवढंच मला कळलं होतं.

त्या दिवसापासनं ती रोज सकाळी स्वतः कुलूप काढायची आणि काळ्या डब्यातली चमचाभर हळद माझ्या हातावर ठेवायची. "पोरीच्या दुधात घाल. हीच घाल." मी म्हणायचे, "व्हय आत्ती." आणि ती मातकट हळद मोरीत सोडून द्यायचे. मग पोह्याच्या डब्याखालची वाटी काढायचे. आजारी पोरीला गाळ पाजायला मी काय वेडी होते?

दोन बायका, एकाच चुलीवर. एकीला ठाऊक होतं की पितळेच्या डब्यात काय आहे, पण ते पोरीपर्यंत पोचतंय हे ठाऊक नव्हतं. दुसरीला ठाऊक होतं की ते पोरीपर्यंत पोचतंय, पण ते काय आहे हे ठाऊक नव्हतं. एकमेकींना एकेक वाक्य खरं सांगितलं असतं तर भागलं असतं. पण सासू-सुनेत खरं वाक्य बोलायची आमच्यात पद्धत नव्हती.

चैत्रात चटणीचा हंगाम जोरात आला. शेड बायकांनी भरलेलं, डोळ्यांतनं पाणी, ठसका, डंकाची धाड धाड. पोर उंबऱ्यावर पेला घेऊन बसली होती. दूध संपवलं, बोट घातलं, चाटलं, आणि आजीला दाखवायला जीभ बाहेर काढली. कितीतरी दिवसांनी ती धड बोलली.

"आज्जे, सोनं बघ."

तिची जीभ दाराच्या चौकटीला देतात तसल्या पिवळ्या रंगाची झाली होती. आत्तीनं ते बघितलं. हातातलं मिरच्या पाखडायचं सूप तिनं तिथंच टाकलं. पोरीच्या हातातला पेला असा उडवला की तो डंकाखाली जाऊन चेपला. पोरीला उलटी धरली, तिच्या घशात दोन बोटं घातली. हाताला मिरची लागलेली. पोर किंचाळत होती, ओकत होती. आणि आत्ती माझ्याकडं बघून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली.

"चोरटे! इख हाय ते, इख! रंगाच्या दुकानातली पिवडी हाय ती! इकायला ठेवलोय मी, खायाला न्हवं!"

डंक कुणीतरी बंद केला.

मग एकजण हळूच म्हणाली, "म्हंजे म्हातारे, आमास्नी काय दिलीस गं इतकी वरसं?"

आत्तीनं पोरीला पोटाशी धरलं होतं. मान वर करून ती त्या बाईवरच धावून गेली. "तुमास्नी पिवळी पायजे हुती! धा वेळा दाखवलो काळ्या डब्यातली! माती म्हणालीस न्हवं? म्हणालीस का न्हाय?"

मग काय काय झालं ते सांगण्यासारखं नाही, पण ऐकण्यासारखं होतं. आत्तीच्या बापजाद्यांपासून सगळ्यांचा उद्धार झाला. बायका आपापली अर्धी कुटलेली मिरची घेऊन गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी आपली मिरची कमी भरली का ते बघितलं नाही. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या डोक्यात अजून एकच गोष्ट फिरत होती: म्हणजे केशर नव्हतं.

पोरीला परत दवाखान्यात ठेवलं, औषधं देऊन काही शिसं बाहेर काढलं. डॉक्टरांना आता खरं सांगितलं. ते म्हणाले, "त्या पिवळ्या रंगातच शिसं असतं. जे हाडांत गेलंय ते तिथंच राहणार. हाडाला ते चुन्यासारखंच वाटतं, ते धरून ठेवतं." घरी आल्यावर आमच्या ह्यांनी पोरीला उचलायला हात पुढं केले. आता ती त्यांच्याकडं येईना. हात पाठीमागं बांधून मागं मागं सरकायला लागली, त्यांच्यासारखीच. हसत.

महिनाभरानं एक बाई दारात आली, त्या दिवशी शेडमध्ये असलेल्यांपैकीच. आत्तीला म्हणाली, "भाचीचं लगीन हाय. अंगाला लावायला पायजे, खायाला न्हवं. ती पिवळीच द्या."

आत्ती म्हणाली, "न्हाय."

"मग दुसरीकडनं घेतो." आणि घेतली. मिळतच होती. आत्तीनं मग काळ्या डब्याचं कुलूप काढलं आणि चांगली हळद विकायला ठेवली. तिला कुत्रं विचारीना. बायका बघायच्या, नाक मुरडायच्या आणि पुढच्या गल्लीत जायच्या, जिथं पितळेचे डबे अजून चमकत होते. दोन हंगामांत डंक मोडीत गेला.

पोर वाढली. शाळेत गेली आणि सातच्या पाढ्यात कायमची मुक्कामाला राहिली. वाचताना ओळ सुटायची. दुकानात सुट्टे पैसे परत घेताना मुठीत घेऊन तशीच यायची. मी तिला मारायचे, पाढे म्हणवून घ्यायचे, ती सात चोक म्हणून थांबायची आणि माझ्याकडं बघून हसायची. आत्तीचं म्हणणं, ती मुळातच आईवर गेलीय, हळदीचा काय संबंध? खोटं ठरवायला दुसरी, ते दूध न प्यालेली पोर माझ्याकडं नव्हती. डॉक्टरांनी दुसऱ्या बाळाबद्दल काही अडचण सांगितली नव्हती. माझीच छाती झाली नाही.

राहता राहिली पिवडी. आत्तीकडं ती चिनी मातीच्या बरणीत अर्धी उरली होती. हे म्हणाले, "पंचगंगेत टाकून येतो." मी म्हटलं, "खाली नरसोबाच्या वाडीला लोक ते पाणी तीर्थ म्हणून पितात." कचऱ्यात टाकावं तर गाय तोंड घालणार. पुरावं तर कुणाच्या तरी उसाच्या मुळाशी. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात ती बरणी रिकामी करायला जागा सापडली नाही. ती फळीवर राहिली.

दहा-बारा वर्षं गेली. आत्ती मोरीत पडली, खुबा मोडला आणि खाटेला खिळली. खाट आम्ही स्वयंपाकघरात आणली. बरणीची फळी बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येत होती. मी मुद्दाम केलं नव्हतं. पहिल्या दिवशी तरी नव्हतं.

मी तिच्यापुढं आमटी-भात ठेवला. तिनं बरणीकडं बघितलं. आमटीकडं बघितलं. मग मला म्हणाली, "कुठली हळद गं?"

एवढी वर्षं गेली तरी ते डोळे मला आठवत होते, मोरीपाशी मोठे केलेले. मी तसेच मोठे केले आणि म्हणाले, "घरातलीच की."

आत्तीनं आमटीची वाटी बाजूला सारली. म्हणाली, "दूध दे."

त्या दिवसापासनं तिनं पिवळ्या रंगाच्या कशाला हात लावला नाही. आमटी नको, भाजी नको, पिठलं नको. दूध-भाकरी, दही-भात, मिठाचा खडा. ह्यांनी विचारलं, "आये, आमटी का खाईनास?" तर म्हणायची, "पित्त हुतंय." माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. मी आमटीत काय घालत होते? हळद. कुलपातल्यासारखी चांगली, मातकट, वासाची हळद. पण ते मी तिला कधी सांगितलं नाही. उलट आठवड्यातनं एकदा, तिचा डोळा लागला की मी बरणी फळीवर जराशी सरकवून ठेवायचे. कधी झाकण वाकडं करायचे. ती जागी झाली की आधी तिकडं बघायची. इतका निर्मळ आनंद मला देवळातही कधी मिळाला नाही.

अशी पाच-सहा वर्षं गेली आणि पोरीचं लग्न झालं. जावई साधा माणूस, घरातला हिशेब तोच ठेवतो, तिला पाढे विचारत नाही. तिला दिवस गेले तेव्हा मी तिला घेऊन एका बाईडॉक्टरकडं गेले आणि सगळी जुनी कथा सांगितली. त्या म्हणाल्या, "बाळाला हाडं करायला चुना लागतो. आईच्या हाडांतनं तो सुटतो. त्याच्याबरोबर लहानपणचं शिसंही सुटू शकतं." त्यांनी रक्त तपासायला घेतलं, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. मी पाजलेलं दूध पोरीच्या हाडांत थांबून आता नातवंडाची वाट बघत होतं.

सातव्या महिन्यात ती बाळंतपणाला माहेरी आली. पुन्हा तपासायला दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट अजून यायचा होता. मी तिला एक घोट पाणी पाजतानासुद्धा भांडं दोनदा विसळत होते. तिला मात्र कसलंच टेन्शन नव्हतं. दुपारी मी आत्तीचं ताट वाढलं, नेहमीसारखी आमटीची वाटीही ठेवली, आणि नेहमीसारखी आत्तीनं ती बाजूला सारली.

पोर खाटेच्या कडेला बसली होती. "आज्जे, आमटी टाकालीस व्हय? झ्याक झालीया. वास तर बघ." तिनं वाटी उचलली. "तू न्हाय खात तर मी खातो."

वाटी तिच्या ओठापर्यंत गेली आणि आत्तीचा हात आला. तो हात महिनोन् महिने घास उचलताना थरथरायचा. त्यानं वाटी अशी उडवली की आमटी छतापर्यंत गेली. पोरीच्या पोटावर, साडीवर, खाटेवर सगळीकडं आमटी.

"खाऊ नगंस! इख हाय त्यात! तुझी आई मला घालतीया!"

पळी माझ्या हातात तशीच राहिली.

पोर आमटीनं भिजून बसलेली. तिनं आधी आजीकडं बघितलं, मग फळीवरच्या बरणीकडं, मग माझ्याकडं. पाढा म्हणताना बघायची तसंच. पण हसली नाही.

"आये, घातलीयस?"

माझी पोर मला हा प्रश्न विचारत होती, आणि तिला तो विचारावा लागत होता. मी म्हटलं, "न्हाय."

"आण घे."

"माझ्या आणेवर तुझी आज्जी इश्वास ठेवणार न्हाय," मी म्हटलं. मग मी चुलीपाशी गेले, पातेलं उचललं आणि त्यातली आमटी पळीनं घटाघटा प्याले. तोंड पोळलं. पोरीकडं बघत प्याले.

आत्ती उशीवर मान टाकून बघत होती. "न्हाय घातलीस?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"कधीच न्हाय?"

"कधीच न्हाय."

"मग बरणी हलायची ती?"

"मी हलवायचे."

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मला वाटलं रडते की काय. मला ते नको होतं. मला ते सोसलं नसतं. पण तिच्या नाकपुड्या फुगल्या, रंग परत आला, आणि डंकावर बसायची तेव्हाचा तो आवाज निघाला.

"मेले भवाने! म्हंजे एवढी वरसं मी फुकट दूध-भाकरी खाल्लो की गं!"

पोर आधी हसली. पोट धरून, आमटीनं माखलेली. मग मी. आत्ती नाही हसली, ती शिव्या देत होती, माझ्या आईला, गारगोटीला, दहावी पास करणाऱ्या मास्तरला. शिव्या देऊन दमली तेव्हा म्हणाली, "आण आता. वाढ."

पोरीनं साडी बदलली आणि स्वतः वाटी भरून आणली. आजीच्या डोक्यामागं हात घालून तिला बसतं केलं. आत्तीनं एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. आम्ही दोघी बघत होतो.

"चव हाय," ती म्हणाली. मग वाटीत डोकावून बघितलं. "पण रंग न्हाय गं."